भिंती राखाव्यात, पण कोणासाठी?

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचे एक लहानसे गाव आहे. लाकडी चौकटीची, दगडाची आणि विटांची तेथील घरे कित्येक शतके जवळजवळ जशीच्या तशी उभी आहेत. गावाच्या कडेला एक जुना मठ आहे. जुन्या काळच्या कथांवर चित्रपट आणि मालिका काढणारे या गावाकडे वारंवार वळतात, कारण येथे देखावा उभारावा लागत नाही. तो आयताच उभा असतो. १९४४ साली मॅटिल्डा टॉलबट या बाईंनी मठ आणि गाव अशी आपली सारी वडिलार्जित मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. तेव्हापासून गावातील बहुतेक घरांत भाडेकरू राहतात आणि संस्था विश्वस्त म्हणून ती राखते.

या गावाचा विचार करताना एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आज जे जगत आहेत त्यांच्या घरादारावर, निवर्तलेल्यांचा आणि अजून जन्मास न आलेल्यांचा अधिकार किती चालावा?

इंग्लंडच्या कायद्याने या प्रश्नाला आपल्यापरीने उत्तर दिले आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी शहरे उद्ध्वस्त होत असताना तेथील सरकारला जुन्या वास्तूंची गणती करण्याची निकड भासली आणि १९४४ व १९४७ च्या कायद्यांनी संरक्षित इमारतींची यादी सुरू झाली. आज त्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. सतराव्या शतकाअखेरपर्यंत बांधलेली आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकवून असलेली इमारत बहुधा यादीत येतेच. त्यात राजवाडे व कॅथीड्रल आहेत, तशी शेतकऱ्याची झोपडीवजा घरेही आहेत. एकदा नाव चढले की घराच्या बाहेरच्या भिंतींनाच नव्हे, तर आतल्या जिन्याला आणि तुळयांनाही कायद्याचे संरक्षण मिळते. त्यांचे स्वरूप बदलायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. न घेता फेरफार करणे हा गुन्हा आहे आणि त्याला कारावासाची शिक्षाही होऊ शकते.

आता अशा घरात राहणाऱ्या माणसाची बाजू पाहू. थंडीत वारा खिडकीच्या फटींतून आत येतो. दुहेरी काचेची नवी खिडकी बसवावी म्हटले तर परवानगी मिळेलच असे नाही. छपराला जुन्याच पद्धतीचा दगड हवा आणि तो बसवणारा कारागीरही तसाच जाणता हवा. खर्च मात्र घरमालकाचा. त्यातच सरकार अशा दुरुस्तीवर वीस टक्के कर घेते, तर नवे घर बांधणाऱ्याला तोच कर शून्य आहे. सौंदर्य सर्वांनी पाहायचे आणि त्याचा भार एका कुटुंबाने वाहायचा, हा न्याय आहे काय?

या आक्षेपाला हसून टाळता येणार नाही. तरीही दुसरी बाजू तितकीच सबळ आहे. १८७७ साली विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. त्याचा राग पाडणाऱ्यांवर जितका होता तितकाच जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चांचे रूप पालटून टाकणाऱ्यांवरही होता. त्याचे म्हणणे असे की या वास्तू केवळ आपल्या नाहीत; त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि आपल्यामागून येणाऱ्यांच्याही आहेत. आम्हां कॅथलिकांना हा विचार परका वाटू नये. संतांच्या समागमावर आपली श्रद्धा आहे. मृत्यूने माणसाचे नाते तुटते असे आपण मानत नाही. मग ज्या हातांनी ही तुळई चढवली, त्या हातांचे आपण काही देणे लागतो, हे मान्य करणे आपल्याला जड का जावे? शुभवर्तमानातील कारभारी घराचा धनी नव्हता. त्याच्याकडे घर सोपवलेले होते आणि त्याचा हिशेब त्याला द्यायचा होता.

मात्र लेकॉकचा मठच आपल्याला पुढचा, अधिक कठीण प्रश्न विचारतो. सॉल्झबरीची विधवा काउंटेस एला हिने तेराव्या शतकात ऑगस्टिनियन भगिनींसाठी तो उभारला आणि पुढे ती स्वतःच त्याची मठाधिकारिणी झाली. तीनशे वर्षे तेथे प्रहरा-प्रहराला प्रार्थना होत राहिली. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या अमदानीत मठ बंद झाला. तो विकत घेणाऱ्या विल्यम शॅरिंग्टनने मठाचे चर्च पाडले आणि उरलेल्या वास्तूचे आपले निवासस्थान केले. भगिनी ज्यातून चालत त्या कमानदार पडव्या मात्र वाचल्या. १८३५ साली त्याच घराच्या खिडकीचे छायाचित्र विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यांनी टिपले. आज उपलब्ध असलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्हांत ते सर्वांत जुने मानले जाते. आज प्रवासी येतात, त्या पडव्यांचे कौतुक करतात. दगड राखले गेले आहेत. ज्या प्रार्थनेसाठी ते रचले गेले, ती तेवढी नाही. कोणत्याही यादीत प्रार्थनेची नोंद करता येत नाही.

याच गावच्या सेंट सिरिॲक या चर्चमध्ये पंधराव्या शतकातील चांदीचा एक प्याला होता. मुळात तो मेजवानीचा. पुढे अँग्लिकन मंडळीच्या वेदीवर तो शतकानुशतके वापरला गेला. चर्चच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा म्हणून तो विकावा काय, यावर गावात मतभेद झाले. अखेर त्यांच्या धर्मप्रांतीय न्यायालयाने अनुमती दिली आणि २०१३ साली ब्रिटिश म्युझियम व विल्टशर म्युझियम यांनी मिळून तेरा लाख पौंडांना तो घेतला. चौथ्या शतकात संत अँब्रोज यांनी बंदिवानांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे वितळवली होती. त्यांचा दंडक स्पष्ट होता: सोन्याहून माणूस मोलाचा. लेकॉकला प्रश्न माणसाच्या सुटकेचा नव्हता, छपराचा होता. पण ते छप्पर आजही प्रार्थनेला जमणाऱ्यांच्या डोक्यावरचे आहे. म्हणून तो निर्णय आम्हाला योग्य वाटतो, आणि तरीही दुःखाचा वाटतो. कारण ओठांना लागणारे पात्र काचेआड गेले.

यावरून आम्हाला एक क्रम दिसतो. आधी माणूस, मग त्याला एकत्र आणणारी वास्तू, मग वस्तू. जुने राखणे हे कर्तव्य आहे. पण ते राखताना तिथे राहणाऱ्याचे जिणे अशक्य झाले, तर आपण घर न राखता घराचे कवच राखले असे होईल. आणि ज्याअर्थी वारसा सर्वांचा, त्याअर्थी त्याचा भारही सर्वांनी उचलावा. एकट्या घरमालकाच्या माथी तो मारू नये.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली आणि तिनेही इंग्लंडप्रमाणे इमारतींच्या श्रेणी लावल्या. गिरगावातील खोताची वाडी ही ईस्ट इंडियन बांधवांची जुनी वस्ती. लाकडी व्हरांड्यांची आणि बाहेरून जिना असलेली तेथील कितीतरी घरे एकेक करून गेली. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याचे छप्पर गळत होते तेव्हा आपण कोठे होतो, हे आपण स्वतःला विचारले आहे काय?

१५३९ मध्ये लेकॉकमधून जे गेले, ते कोणताही कायदा परत आणू शकला नाही. आपल्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि आत गुडघे टेकणारी माणसेही आहेत. भिंतींची डागडुजी आपण अवश्य करावी. पण त्या माणसांच्या घरी कोणाची चूल थंड पडली आहे, कोणाचे म्हातारपण एकाकी झाले आहे, याची चौकशी त्याआधी व्हावी.