पुसलेली अक्षरे पुन्हा लिहावीत का?



या वेळचा विषय जरा लांबचा आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत बहुतेक शेतघरांपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या. तेव्हा माळरानावरचे शेतकरी उंच मनोऱ्यावर पवनजनित्र बसवत. वाऱ्याने पाती फिरत, बॅटऱ्या भरत आणि संध्याकाळी घरात दिवे लागत, रेडिओ ऐकू येई. माँटानातल्या जेकब्ज बंधूंची तीन पात्यांची यंत्रे आणि आयोवातल्या सू सिटीचा 'विनचार्जर' ही त्यातली गाजलेली नावे. १९३६च्या कायद्यानंतर सरकारी मदतीने खेड्यांत तारा पोहोचू लागल्या, तशी ही यंत्रे अडगळीत गेली. १९७३च्या तेलटंचाईनंतर काही लोकांनी ती शोधून पुन्हा चालू केली. आज जुन्या वस्तूंचे शौकीन ती जपतात.

झिजलेले बेअरिंग बदलले, यंत्र फिरू लागले, इथवर कुणाचा वाद नाही. वाद होतो तो अक्षरांवरून. शेपटीच्या पत्र्यावर कंपनीचे नाव रंगवलेले असते. जनित्रावर धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट, वॅट आणि अनुक्रमांक. उन्हापावसाने हे सगळे पुसट झालेले असते. पण पत्र्यावर बाजूने तिरका उजेड टाकला की गेलेल्या नावाची छाया पुष्कळदा दिसते, कारण अक्षरांच्या रंगाने खालचा भाग उन्हापासून वाचवलेला असतो. त्यावर पारदर्शक कागद ठेवून आकार उतरवून घेतात, साचा कापतात आणि नव्याने रंगवतात.

हे करणे योग्य की अयोग्य?

काहीजण म्हणतात, पुसट होणे हीसुद्धा त्या वस्तूची खरी हकीकत आहे, तिला हात लावू नये. यात तथ्य आहे. मूळ रंग वाचता येण्याइतका शिल्लक असेल तर त्यावर नवा रंग चढवूच नये. हवे तर वेगळ्या पत्र्यावर नक्कल करावी. पण अक्षरे लिहिली जातात ती वाचण्यासाठी. ज्याच्या आजोबांच्या घरात या यंत्राने पहिला दिवा लावला, त्या नातवाला कोरा पत्रा काय सांगणार? म्हणून पुन्हा लिहिणे ही सेवा आहे, असेच आम्हाला वाटते. फक्त तिला एक मर्यादा आहे.

समजा, व्होल्टचा आकडाच गेला आहे. ही यंत्रे ३२ व्होल्टची असत, तशी ११० व्होल्टचीही असत. 'बहुधा ३२ असेल' म्हणून आकडा ठोकला, तर उद्या कुणीतरी त्या पट्टीवर विश्वास ठेवून चुकीची जोडणी करील. अनुक्रमांक अंदाजाने घातला, तर तो खोटा जन्मदाखलाच झाला. आणि ते यंत्र विकायचे असेल, तर मग ती सरळ फसवणूक. हात तोच, रंग तोच. पण दिसणारे लिहिले तर सेवा, न दिसणारे लिहिले तर खोटी साक्ष.

१९६४च्या व्हेनिसच्या सनदेत वास्तूंच्या जतनासाठी हाच दंडक आहे: जिथे तर्क सुरू होतो, तिथे डागडुजी थांबली पाहिजे आणि नवे काम नवे म्हणून ओळखू आले पाहिजे. आपल्याकडे हे भान त्याच्याही कितीतरी आधीचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ काढून प्रत शुद्ध केली, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. ती ओवी वाईटच असेल असे नाही. पण ती माउलींची नसेल, एवढे पुरे आहे.

मग करणाऱ्याने काय करावे? आधी फोटो काढून ठेवावा. दिसते तेवढेच लिहावे. जे गेले आहे ती जागा मोकळी सोडावी. मागच्या बाजूला आपले नाव आणि तारीख घालावी. "मागचे कोण वाचतो?" असे कुणी विचारील. पुढचा दुरुस्त करणारा वाचतो. त्याच्याशी आपण खरे बोललो, एवढ्यासाठी ते लिहायचे.

आता आपल्या घरात येऊ. जुन्या फोटोच्या मागे पुसट झालेले नाव आपण अंदाजाने लिहितो, आणि पुढच्या पिढीला तेच पणजोबा होऊन बसतात. ग्रुपवर एखादे चांगले वाक्य येते, खाली नाव नसते, आणि कुणीतरी भक्तिभावाने गुरूंचे नाव जोडून पुढे पाठवतो. हेतू चांगलाच असतो. पण त्यांनी न बोललेले त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार आपल्याला प्रेमानेसुद्धा मिळत नाही.

म्हणून पुढे पाठवण्याआधी, कुणाच्याही नावाने काही लिहिण्याआधी, एवढेच विचारू या: हे मला दिसते आहे, की मला वाटते आहे? वाटत असेल, तर ती जागा मोकळी राहू द्यावी.