बोलेल त्याला दंड

मामा इतिहासाचे मास्तर, निवृत्तीनंतर गावकीत बसलेले. मी वकील. विषय निघाला सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याचा, जो ३ जुलै २०१७ला लागू झाला.

“मी शेजाऱ्याशी बोलत नाही. त्याच्याकडच्या लग्नाला जात नाही, त्याच्या दुकानातलं मीठ घेत नाही. यात गुन्हा कुठला?”

“कुठलाच नाही.”

“आणि दोनशे घरांनी तेच केलं तर? शून्याला दोनशेने गुणून तीन वर्षांपर्यंतची कैद कशी येते?”

“तुम्ही रागाने बोलत नाही, ते तुमचं. पण दुसरं कोणी बोललं तर त्याला दंड, हे कोण ठरवतं? कायद्याला न बोलणारा नकोय, बोलू न देणारा हवाय.”

“दंड काय सांगावा लागतो? कायदा आल्यापासून शहाणी माणसं बैठकच घेत नाहीत. मोठ्या घरातलं कोणी मयताला गेलं नाही, की बाकीचे समजतात. कोर्टात काय दाखवशील, रिकामा मांडव?”

इथे मी अडकले. रायगडच्या गावांतली प्रकरणं गाजली तेव्हा निदान पंच समोर दिसत होते. जिल्हाधिकाऱ्यांना अशी बैठक रोखता येते, पण ही तरतूदही बैठक होणार असं धरूनच लिहिलेली. मी म्हटलं, साक्षीदार मिळतात.

“मिळतात. साक्ष दिली की तेही वाळीत.”

मग मी बाबासाहेबांचा आधार घेतला. बहिष्कार गुन्हा ठरवा, ही मागणी त्यांनी गोलमेज परिषदेत मांडली होती. जमीन, मजुरी, बाजार सगळंच सवर्णांच्या हातात असलं, की मारहाणीची गरजच उरत नाही.

“मसुदा कुठला घेतला होता?”

“ब्रह्मदेशातल्या १९२२च्या कायद्याचा.”

“म्हणजे इंग्रजांचा! स्वातंत्र्य मागणाऱ्यांचा बहिष्कार मोडायला केलेला. आणि १९२८ला बारडोलीत सारा भरणाऱ्याला गावाने वाळीत टाकलं, ते? तुझ्या कायद्याने वल्लभभाई आत गेले असते.”

“तिथे समोर सरकार होतं, मामा.”

“सरकारशी कोणी बोललं नाही म्हणून त्याचं काय अडलं? अडलं ते सारा भरणाऱ्या एकट्या शेतकऱ्याचं. दुबळा कोण, ते सांग.”

ते मला नीट सांगता आलं नाही. तरी माझं मत कायम आहे: ज्याचं पाणी, स्मशान, मुलीचं स्थळ एकाच समाजाच्या हातात आहे, ज्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्यासाठी कायद्याने मध्ये पडावं.

“बोहऱ्यांनाही दफनभूमी एकच होती. त्यांच्यासाठी १९६२ला कोर्ट का नाही पडलं मध्ये?”

बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा मुंबईचा १९४९चा कायदा त्या निकालात रद्द झाला आणि धर्मगुरूंचा अधिकार शाबूत राहिला. सरन्यायाधीश सिन्हांचं मत तेवढं वेगळं होतं. २०२३मध्ये तो प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला, असं मी सांगितलं.

“नऊ?” मामा म्हणाले. “आमच्याकडे पाच बसायचे. निकाल त्याच रात्री.”