अंगठी आणि वायसर

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन हा सॉक्रेटिसास एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीत त्या मेंढपाळास एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरविला की घालणारा कोणासही दिसेनासा होतो. ही शक्ती हाती येताच तो राजवाड्यात शिरतो, राणीस वश करतो, राजास ठार मारतो आणि राज्य बळकावितो. ग्लॉकनचा प्रश्न असा की, अशी एकेक अंगठी सज्जनाच्या व दुर्जनाच्या बोटात घातली, तर पुढे त्या दोघांच्या वर्तनात काही फरक उरेल काय? 'गायजीसची अंगठी' या नावाने ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या वर्गातून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात आहे. आम्हीही ती पुष्कळ वर्षे शिकविली, आणि बहुधा दरवर्षी एखादा चुणचुणीत विद्यार्थी उठून विचारतो की, अशी अंगठी असते कोठे?

आमचे उत्तर असे की, ती असते, आणि फार दूरही नसते. आमच्या नागपुरापासून हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जावे. तेथील लहान लहान कारखान्यांच्या साच्यांतून तिच्या जातीची कडी रोज निघत असतात. ती रबराची असतात, क्वचित प्लॅस्टिकची. आणि त्यांच्या बाबतीत घालणारा दिसेनासा होत नाही, करणारा होतो.

ज्या वस्तूंविषयी आम्ही बोलत आहोत, त्यांना समाजात धड नावही नाही. वायसर, बुश, सील, गॅस्केट, बूच अशा दोन-चार शब्दांत त्यांची बोळवण होते. परंतु त्यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाही. स्वयंपाकघरातील कुकरची रिंग ही त्यांतलीच. नळाच्या पोटातला वायसर, वैशाखात ज्याच्यावाचून नागपूरकरांचा जीव कासावीस होतो त्या कुलरच्या पंपातील प्लॅस्टिकचे फिरते पाते, मोटारीच्या ब्रेकमधील रबरी वाटी, ही सारी त्याच कुळातली. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असे लोहमार्ग ज्या नागपुरात एकमेकांस छेदतात, तेथे स्थानकावर उभे राहून खाली पाहावे. सिमेंटच्या स्लीपरावर रूळ जेथे टेकतो तेथे सहा मिलिमीटर जाडीची खाचा पाडलेली रबरी पट्टी असते. गाडीचा सारा हादरा ती मुकाट्याने सोशीत असते. तिकिटाचे पैसे मोजताना तिची आठवण कोणास होते?

साचा ही गोष्ट आम्हांस नवी नाही. घरोघर सोऱ्या आहे, मोदकाचा साचा आहे. आणि गणेशोत्सवापूर्वी महालातील चितार ओळीत फेरी मारली, तर छापाच्या मूर्ती आणि हाताने घडविलेल्या मूर्ती यांतला फरक लहान मुलासही कळतो. मात्र चितार ओळीतला मूर्तिकार गिऱ्हाइकाच्या समोर बसलेला असतो. मूर्ती आवडली तर लोक त्याचे नाव विचारतात. कारखान्यातील सुट्या भागांची रीत याच्या उलट आहे. नकाशा गिऱ्हाइकाकडून येतो, पुष्कळदा साचाही त्याच्याच मालकीचा असतो. करणाऱ्याने फक्त बरहुकूम माल काढून द्यावयाचा. तो भाग एका यंत्रात जातो, ते यंत्र दुसऱ्या मोठ्या यंत्रात जाते, आणि शेवटी ज्या माणसाचा जीव त्या भागावर अवलंबून असतो, त्याला असा कोणी कारागीर जगात आहे याची वार्ताही नसते.

येथे रबराची थोडी हकिकत सांगावयास हवी, कारण फसवणुकीची जागा त्या पाककृतीतच आहे. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट होते व थंडीत कडक पडते. ते गंधकाबरोबर तापविले असता हा दोष जातो, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली शोधून काढले. १८४४ साली त्यास पेटंट मिळाले, आणि १८६० साली तो कर्जात बुडालेला असा वारला. आजची कृतीही मुळात तीच आहे. रबर, गंधक, झिंक ऑक्साइड, काजळी व इतर काही द्रव्ये रुळांमध्ये मळावयाची, तो गोळा साच्यात घालावयाचा, आणि दाबाखाली दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर तापवून ठरलेली मिनिटे तसाच राहू द्यावयाचा. काजळी ही भेसळ नव्हे. तिने रबरास बळ येते. खडूची भुकटीही काही कामांना योग्य प्रमाणात चालते. परंतु खर्च वाचवावयाचा असेल, तर खडू वाढविता येतो, जुन्या टायरांचे रबर मिसळता येते, आणि पाच मिनिटांऐवजी तिसऱ्याच मिनिटास साचा उघडता येतो. निघणारी वस्तू तितकीच काळी आणि तितकीच गुळगुळीत असते. काळ्या रंगाइतका उदार रंग दुसरा नाही! प्लॅस्टिकचेही तसेच. साच्याच्या वाटांत उरलेले तुकडे दळून नव्या दाण्यात थोडे मिसळणे हे गैर नाही; पण 'थोडे' म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. नायलॉनचा दाणा नीट वाळविल्याशिवाय यंत्रात घातला, तर वस्तू ठिसूळ होते. ती ठिसूळ आहे हे मात्र ती मोडेपर्यंत कळत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा हिंगण्यास असा लहानसा कारखाना आहे. मागे एकदा आम्ही तेथे गेलो असता त्याने दोन कडी आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सर, यांतले खोटे कोणते ते सांगा." आम्ही ती दाबून पाहिली, वास घेतला, उजेडात धरली. सांगता आले नाही. "मलाही नुसते बघून सांगता येत नाही," तो म्हणाला. मग त्याने परीक्षेची रीत दाखविली. कडे दोन लोखंडी पाट्यांत ठराविक जाडीपर्यंत आवळावयाचे, भट्टीत ७० अंशांवर २२ तास ठेवावयाचे, आणि सोडविल्यावर ते पुन्हा कितीसे फुगते हे मोजावयाचे. चांगले रबर बहुतेक परत येते. खडूने भरलेले चेपलेलेच राहते. दुसरी परीक्षा ताणून तोडण्याची. या दोन्ही परीक्षा झालेला नमुना मग कोणी यंत्रात बसवीत नाही. म्हणजे जे तपासले ते वापरावयाचे नाही, आणि जे वापरावयाचे ते तपासलेले नाही! शंभरांतून दोन तपासून उरलेल्या अठ्ठ्याण्णवांविषयी जे आपण मानतो, त्यास शास्त्रीय भाषेत काहीही म्हणोत, व्यवहारात तो विश्वासच होय. ग्लॉकनची अंगठी ती हीच.

तेव्हा प्रश्न असा की, पाहणारा कोणी नसता ते कडे नीट का करावे?

परंपरेचे उत्तर आपणांस ठाऊक आहे: ईश्वर पाहतो, आणि कर्म कोणास चुकत नाही. या उत्तराचा आम्हांस अनादर नाही. परंतु खंडेनवमीस यंत्राला हळदकुंकू वाहणारा हात दुसऱ्या दिवशी खडूचे माप वाढविताना थांबतोच, असा काही अनुभव नाही. देव पाहतो हे मानणारा मनुष्य, देव क्षमाशील आहे हेही त्याच वेळी मानीत असतो. बाजाराचे उत्तर निराळे: लबाडी उघडकीस येते आणि लबाड बुडतो. हे भाजीवाल्याच्या बाबतीत खरे असेल. रबरी कडे तीन वर्षांनी कोठेतरी बिहारात किंवा तमिळनाडूत फुटते, त्यावर नाव नसते, आणि दोष बहुधा यंत्र चालविणाऱ्याच्या माथी बसतो. सॉक्रेटिसाचे स्वतःचे उत्तर असे की, अन्याय करणारा पकडला जावो वा न जावो, त्याचा आत्मा बिघडतो. फार काळ चेपून ठेवलेले रबर जसे परत येत नाही, तसेच मनाचे होते, असे येथे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. पण उपमा ताणू नये, ती रबरापेक्षा लवकर तुटते.

या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, पाप करणारा एकटा आहे. आम्हांस हेच मान्य नाही, आणि त्यासाठी जगप्रसिद्ध असा एक दाखला घेऊ.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत मोडून पडले व त्यातील सातही जण मृत्यू पावले. त्याच्या उजव्या अग्निबाणाच्या एका सांध्यात जी रबरी कडी होती, त्यांची जाडी अवघी सात मिलिमीटर. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती, आणि थंडीने कडक झालेली कडी वेळेवर फुगून सांधा बंद करू शकली नाहीत. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने तसल्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडविला आणि तो परत येत नाही हे सर्वांसमक्ष दाखविले. ही गोष्ट पुष्कळांस माहीत असते. परंतु आदल्या रात्री काय घडले, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील रॉजर बोजोले व त्यांचे सहकारी अभियंते, उड्डाण करू नये म्हणून परोपरीने सांगत होते. कंपनीनेही प्रथम तोच सल्ला दिला. तो सल्ला गिऱ्हाइकास रुचला नाही. मग कंपनीचे वरिष्ठ आपसांत बोलावयास बसले, आणि त्यांपैकी एकाने अभियंत्यांच्या प्रमुखास म्हटले की, आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. सल्ला बदलला. त्या कड्यांत भेसळ नव्हती. आपणांस थंडी सोसत नाही, हे त्यांनी आधीच्या उड्डाणांत झिजून दाखविले होते. खोटे बोलण्याचे काम माणसांनी केले, आणि तेही यंत्राजवळ नव्हे, टेबलापाशी बसून.

हिंगण्याच्या गोष्टीतही खरा प्रसंग टेबलापाशीच घडतो. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेला व्यवहार साधा आहे. एका गिऱ्हाइकाने नकाशा पाठविला, त्यावर रबराची प्रत स्पष्ट लिहिलेली होती. याने नऊ रुपये भाव सांगितला. समोरून साडेपाच रुपये आले. नकाशातील प्रत साडेपाच रुपयांत होत नाही, हे मागणारास ठाऊक होते. कारण त्याच्या कचेरीतही रबराचा भाव जाणणारी माणसे बसली आहेत. तरी त्याने प्रत खाली आणली नाही, फक्त भाव आणला. याचा अर्थ काय? कागदावर चांगले लिहून दे, मालात काय घालावयाचे ते तुझे तू पाहा, मला सांगू नको. ही बोली कोणी उच्चारीत नाही, आणि ती दोघांनाही समजते. साच्यात खडू पडतो तो यानंतर. गायजीसची अंगठी घालून एकटा कारखानदारच बसलेला नसतो. त्याच्याआधी ती गिऱ्हाइकाच्या बोटात असते.

रबराच्या इतिहासात हे प्रथमच घडत आहे असेही नाही. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेले टायर आणले, सायकली गुळगुळीत धावू लागल्या, आणि रबराची मागणी भडकली. ती भागविण्यासाठी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या कांगोतील खासगी राज्यात, ठरवून दिलेले रबर न आणणाऱ्यांची गावे जाळली गेली, माणसे मारली गेली, हात तोडले गेले. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९०८ साली ते राज्य राजाकडून काढून बेल्जियमच्या सरकाराकडे आले. तोपर्यंत युरोपातील सायकलस्वार स्वस्त टायरावर फिरत होता, आणि ते स्वस्त कसे, हे त्याने विचारले नव्हते. आम्ही सुशिक्षित मंडळी कुकरची रिंग विकत घेताना, मूळ कंपनीची नको, ती दुसरी द्या, दिसावयास सारखीच आहे, असे जेव्हा दुकानदारास म्हणतो, तेव्हा त्या सायकलस्वाराचेच भाऊबंद ठरतो. प्रमाण निराळे आहे. न विचारण्याची रीत तीच आहे.

यावर कोणी म्हणेल की, गरिबाने काय करावे? त्याला साडेपाच रुपयेच परवडतात. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. पण साडेपाच रुपयांचा माल साडेपाच रुपयांचा म्हणून विकला, तर त्यात लबाडी नाही. त्याचे आयुष्य कमी, हे सांगून विकावा. कुलरचे पाते वर्षात तुटले तर एक रात्र उकाड्यात जाते. ब्रेकच्या वाटीस तो न्याय लावता येत नाही. कोणता भाग हलका चालेल आणि कोणता चालणार नाही, हे करणाऱ्यास बहुधा ठाऊक असते, कारण नकाशा वाचता येणारा तो एकटाच असतो. म्हणून नऊ रुपयांचे काम साडेपाचात होणार नाही, हे तोंडावर सांगणे, हा आमच्या मते त्याच्या धर्माचा गाभा होय. आमच्या विद्यार्थ्याने ते सांगितले. काम शेजारच्या गल्लीत गेले.

राहता राहिला दाबयंत्रापाशी उभा असलेला मजूर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि समोर दीडशे अंशांचा साचा, अशा स्थितीत तो आठ-आठ तास उभा असतो. पाचाच्या जागी तीन मिनिटे झाली, हे त्याला अचूक ठाऊक असते, कारण साचा उघडणारा हात त्याचा आहे. तेव्हा न दिसणारे पाप म्हणून आपण ज्याचा इतका ऊहापोह केला, त्याला एक साक्षीदार नेहमीच असतो. मात्र त्याची साक्ष कोणी काढीत नाही, आणि आपण होऊन त्याने ती दिली तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळत नाही. ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ती सोय करून देणे हे मालकाचे काम.

हिंगण्यास आम्ही याविषयी विचारले. तेथे नियम असा की, माल वाईट वाटला तर यंत्रावरील माणसाने पेटी बाजूस ठेवावी, त्याचे पैसे कापले जात नाहीत. असे कोणी कधी केले काय? एकदा झाले, तो म्हणाला. उन्हाळ्यात रात्रपाळीस मध्येच वीज गेली, साचे काही मिनिटे थंडावले, आणि तेवढ्या वेळातली सगळी पेटी एका पोराने बाजूस काढून ठेवली. सकाळी याने नमुना तपासला. काही कडी ठीक होती, काही नव्हती, निवडता येईनात. शिजलेले रबर पुन्हा वितळवून वापरता येत नाही. सगळी पेटी भंगारात गेली, आणि मालाची तारीख दोन दिवस पुढे ढकलावी लागली.