टाळी आणि मान्यता

एखाद्या मनुष्यास पाहून आपणांस आनंद होणें आणि त्या मनुष्यास आपण मान देणें, या दोन गोष्टी एकच होत असा समज सभ्य समाजांत पुष्कळ रूढ आहे. रंगभूमीवर ज्यांचें कौतुक होतें त्यांना समाजानें आपलेंसें केलें, असें आपण सहज म्हणून जातों. हा समज कितपत खरा याची परीक्षा करावयाची असल्यास पूर्वीचा सयाम, म्हणजे आजचें थायलंड, या देशाकडे पहावें.

पुरुषदेह घेऊन जन्मलेल्या, परंतु स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींस त्या देशांत 'कथोई' म्हणतात. त्यांपैकीं कित्येकींना हा शब्द रुचत नाहीं. त्या स्वतःस केवळ स्त्रीच म्हणवितात. पट्टाया या समुद्रकांठच्या शहरांत १९७४ पासून 'टिफनी' आणि १९८१ पासून 'अल्काझार' या नांवानें त्यांच्या नृत्यगायनाचे भपकेदार प्रयोग सुरू झाले. १९९८ पासून त्यांची सौंदर्यस्पर्धा भरूं लागली व दूरचित्रवाणीमुळें ती घरोघर पोहोंचली. २००४ पासून जगभरांतील अशा स्त्रियांची स्पर्धाही तेथेंच भरूं लागली. परदेशी प्रवासी हें वैभव पाहून परततो आणि या बाबतींत इतका उदार देश दुसरा नाहीं, असें चारचौघांत सांगतो.

परंतु तो टाळी कशास देतो? "काय हुबेहूब स्त्री!" हा त्याच्या कौतुकाचा मथितार्थ. आतां हुबेहूब हा शब्द आपण नकलेस लावतों, अस्सलास नव्हे. आपली बहीण हुबेहूब स्त्रीसारखी दिसते असें कोणी म्हणत नाहीं. म्हणजे ज्या क्षणीं प्रेक्षक सर्वांत अधिक खूष होतो, त्याच क्षणीं तो समोरच्या व्यक्तीचें म्हणणें नाकारीत असतो. किंबहुना तो नकार नसेल तर त्याचें आश्चर्यही उरणार नाहीं. आमच्या वाचकांस येथें बालगंधर्व आठवतील. पण त्यांची भूमिका प्रयोगाबरोबर संपत असे. पट्टायांत पडदा पडल्यावर जी स्त्री घरीं जाते, ती भूमिका नव्हे.

चित्रपटांतही कथोई पात्र बहुधा हंशाचें निमित्त म्हणूनच येत असे. २००० सालच्या 'सत्री लेक', म्हणजे 'पोलादी स्त्रिया', या बोलपटानें एक पाऊल पुढें टाकलें. १९९६ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या लाम्पांगच्या व्हॉलीबॉल संघांत बहुतेक खेळाडू समलिंगी पुरुष वा कथोई होते. त्यांची ही कथा. ती खूप हंसविते, पण या मंडळींनीं जिंकावें असेंही वाटावयास लावते. २००३ सालीं 'ब्यूटिफुल बॉक्सर'मध्यें मुष्टियुद्ध गाजविणाऱ्या परिण्या चरोएनफोल यांचें चरित्र आलें. तेथें त्यांची भूमिका मात्र असनी सुवन या पुरुष मुष्टियोद्ध्यानें केली. पुढें २०१० सालीं तन्वारिन सुखपिसित या कथोई दिग्दर्शिकेनें 'इन्सेक्ट्स इन द बॅकयार्ड' हा चित्रपट काढला. त्यांत नाच नाहीं, विजय नाहीं. दोन वाढत्या मुलांचें कथोई पालक आणि त्या घरांतील दुःख आहे. सार्वजनिक नीतीच्या नांवाखालीं त्यावर बंदी आली. २०१५ सालीं न्यायालयानें कांहीं क्षणांचें एक दृश्य वगळण्याची अट घातली आणि २०१७ सालीं तो प्रदर्शित झाला. बंदीस कारण त्यांतील दृश्यें दाखविलीं गेलीं हें खरें. तरीपण हंसविणारी कथोई सुखानें पडद्यावर आली आणि घर चालविणारी सात वर्षें दाराशीं अडली, हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

पडद्याबाहेर तरी काय निराळें होतें? सैन्यभरतींतून सूट देतांना अशा व्यक्तींच्या कागदावर 'कायमचा मनोविकार' असा शेरा मारण्याची रीत होती. २०११ सालीं न्यायालयानें ती अवैध ठरविली. म्हणजे ज्या वर्षीं सौंदर्यस्पर्धेंत मुकुट, त्याच वर्षीं कागदावर वेडाचा शिक्का! नांवामागील 'श्रीयुत'वाचक उपपद बदलूं द्यावें असा कायद्याचा प्रस्ताव २०२४ सालीं तेथील लोकप्रतिनिधींनीं फेटाळला. जानेवारी २०२५ पासून कोणत्याही दोन प्रौढ व्यक्तींस परस्परांशीं विवाह करण्याचा हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट होय. पण त्या कायद्यानें कोणाचें उपपद बदललें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "मग हीं नाट्यगृहें बंदच करावीं काय?" मुळींच नव्हे. त्या रंगमंचानें अनेकींना अन्न दिलें, मैत्रिणी दिल्या, स्वतःच्या रूपाचा अभिमान दिला. ज्यांनीं दुसरी नोकरी देऊं केली नाहीं, त्यांनीं प्रतिष्ठेच्या नांवाखालीं ही भाकरी हिरावून घेणें म्हणजे दुहेरी अन्याय होय. दोष रंगमंचाचा नाहीं. रंगमंचावांचून दुसरी जागा न ठेवण्याचा आहे. ती जागा हळूहळू मिळूं लागली आहे, हेंही नमूद केलें पाहिजे: याच तन्वारिन २०१९ सालीं तेथील संसदेवर निवडून आल्या.

म्हणून आमचें मत असें कीं, एखादा समाज आपल्यांतील निराळ्या माणसांस किती वेळां रंगमंचावर बोलावतो यावरून त्याच्या औदार्याचें माप घेऊं नये. ज्या दिवशीं तीं माणसें कोणास हंसवीत नाहींत, दिपवीतही नाहींत, बँकेच्या खिडकीशीं नुसतीं आपली पाळी येण्याची वाट पहात उभीं असतात, त्या दिवशीं त्यांना कोणत्या नांवानें हांक मारली जाते, तें पहावें.