माझ्या जागी तो



दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, इंग्रजी पुस्तकात येशूच्या दुःखसहनाला 'व्हायकेरियस' म्हटले आहे. म्हणजे काय?" मी म्हणालो, "दुसऱ्याच्या जागी उभे राहून केलेले." तो लगेच म्हणाला, "मग गुन्हा माझा आणि शिक्षा त्याला, हा कुठला न्याय?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

हा शब्द लॅटिन 'विकारियुस'वरून आला. त्याचा अर्थ दुसऱ्याची जागा घेणारा. बिशपांच्या वतीने कारभार पाहणारे 'व्हिकर जनरल', गोव्यात प्रमुख धर्मगुरूंना म्हणतात तो 'विगार', हे सारे त्याच कुळातले शब्द. कायद्यातही हा शब्द आहे. मालकाचे काम करताना नोकराच्या चुकीमुळे कुणाचे नुकसान झाले, तर मालकालाही भरपाई द्यावी लागते.

भरपाई दुसरा देऊ शकतो, पण तुरुंगात दुसरा कसा जाईल? जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९३ साली हाच आक्षेप घेतला. पैशाचे कर्ज दुसऱ्याने फेडता येते, नैतिक दोष मात्र ज्याचा त्याचाच असतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मुलाने कांट वाचलेला नाही, पण प्रश्न तोच.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ख्रिस्त हा मस्तक आणि आपण त्याचे शरीर. दोन्ही मिळून जणू एकच व्यक्ती. पायात काटा रुतला की डोळ्यांत पाणी येते आणि हात तो काटा काढतो. हात पायाला परका नसतो. येशूही बाहेरून आणलेला बदली कामगार नव्हे. तो आपला आहे, म्हणून आपले ओझे त्याचे झाले. शिवाय त्याला कुणी जबरदस्तीने उभे केले नाही. पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण देण्यास आपण आलो आहोत, असे त्याने स्वतःच सांगितले (मार्क १०:४५).

१९४१ च्या जुलैअखेर ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला. बदल्यात दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. त्यांतले फ्रान्सिझेक गायोव्हनिचेक बायकोमुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागले. तेव्हा फादर मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्यांची जागा मागून घेतली. १४ ऑगस्ट रोजी विषारी इंजेक्शन देऊन फादरांना ठार करण्यात आले. गायोव्हनिचेक वाचले. पत्नी त्यांना पुन्हा भेटली, मुलगे मात्र युद्धात गेले होते. ते दुःख त्यांना स्वतःलाच सोसावे लागले. १९८२ साली कोल्बे यांना संतपद दिले गेले, तेव्हा ते रोममध्ये हजर होते. १९९५ पर्यंत, म्हणजे आणखी त्रेपन्न वर्षे ते जगले आणि लोकांना फादरांच्या त्यागाची साक्ष देत राहिले.

बंधुभगिनींनो, येथे एक गोष्ट ध्यानी घ्या. फादर त्यांच्या जागी मरू शकले, पण त्यांच्या जागी जगू शकले नाहीत. ख्रिस्तानेही आपल्यासाठी प्राण दिला, पण आपला होकार तो आपल्या वतीने देत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार ठरावीक अटींवर लग्नालासुद्धा प्रतिनिधी उभा राहू शकतो. पापनिवेदनाला मात्र कुणी कुणाच्या वतीने येऊ शकत नाही. "फादर, मिस्सा लिहून घ्या, आम्हाला यायला जमणार नाही," असे सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. तुमची प्रार्थना मी तुमच्याबरोबर करीन, तुमच्याऐवजी नाही.

आणि ज्याच्या जागी ख्रिस्त उभा राहिला, त्याने कुणाच्या तरी जागी उभे राहायला नको काय? आपल्याच गावात एखादी सून महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूजवळ जागत असेल. या आठवड्यात तिच्या दारी जा आणि म्हणा, "बाई, आज तू झोप. आज रात्री तुझ्या जागी मी बसते."

त्या मुलाला 'व्हायकेरियस'चा अर्थ तेथे आपोआप कळेल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू