तप कशाला म्हणावे?

बाराव्या शतकातल्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वर तळे खोदवून घेत होते. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा हा भक्त देवळे उभारत होता, अडुसष्ट लिंगांची स्थापना करत होता, आणि त्याच्याभोवती शेकडो माणसे माती उपसत होती. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, परंपरेत सांगतात की त्यांच्यातले अल्लमप्रभू फिरत फिरत तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना माती खणणारा, दगड फोडणारा अशा शब्दांत हाक मारली. कामावरची माणसे इतकी चिडली की त्यांनी दगड उचलले. पुढे दोघांचा संवाद झाला. अल्लमांचा प्रश्न थोडक्यात असा होता : एवढे श्रम करतोस, त्यातून तुला कळले काय? या संवादाला पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात मोठी जागा मिळाली आहे. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. शरीर झिजवल्याने माणसाला काही कळते का? आणि कळत असेल, तर ते कष्टामुळे कळते की आणखी कशामुळे?

हा प्रश्न आज नव्याने विचारण्यासारखा झाला आहे, कारण महाराष्ट्रातल्या शहरांत स्वतःहून शरीर झिजवणाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झाला आहे. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे सलग करायचे, मधे विसावा नाही, अशी ट्रायथलॉन ही स्पर्धा. ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीला आली, तिथे अंतर दीड किलोमीटर, चाळीस किलोमीटर आणि दहा किलोमीटर असे असते. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. हवाई बेटांवर १९७८ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. त्याच्या निम्म्या अंतराची, ७०.३ नावाने ओळखली जाणारी स्पर्धा भारतात प्रथम २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, पोलीस अधिकारी पहाटे उठून वर्षभर तयारी करतात, आणि पहिली स्पर्धा पुरी केल्यावर त्यांच्यातले पुष्कळजण जे सांगतात ते खेळाच्या भाषेत मावत नाही. आपण आतून बदललो, मन शांत झाले, अहंकार गळाला, असे ते म्हणतात. काहीजण सरळ तप हा शब्द वापरतात. त्या अनुभवाला मी खोटे म्हणत नाही. पण त्याचे श्रेय ते कष्टाला देतात, तिथे मात्र त्यांची गफलत होते असे मला वाटते. कष्ट शिकवत नाहीत. शिकवते ती आपल्या मर्यादेशी पडलेली प्रामाणिक गाठ, आणि तिच्यापुढे सैल होणारे कर्तेपण.

कष्टच गुरू असते तर सोलापूर हे ज्ञानी माणसांचे शहर म्हणून जगभर ओळखले गेले असते. या शहरात हजारो बायका वर्षानुवर्षे मान खाली घालून विड्या वळत आल्या आहेत, हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर. यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्याने पाळी काढणारे कामगार आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना डांबर टाकणारी माणसे आहेत. सहनशक्तीच्या मापाने यांची रोजची पाळी कुठल्याही स्पर्धेला लाजवील. त्यांच्यापैकी कुणाला त्यातून शहाणपण आले असेल, कुणाला नुसती पाठदुखी आणि खोकला. म्हणजे वेदना आणि बोध यांच्यात आपोआप जुळणारा धागा नाही. हे ज्यांनी फार पूर्वीच स्पष्ट सांगितले ते स्वतः कठोर तपश्चर्या करून आलेले होते. बुद्धांनी शरीर सुकवण्याचा मार्ग पुरा चालून पाहिला आणि मग सोडला. सोण नावाचा त्यांचा भिक्षू चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करता करता पायांतून रक्त येईपर्यंत चालला. बुद्धांनी त्याचे कौतुक केले नाही. तो पूर्वी वीणा वाजवत असे, म्हणून त्यांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर सूर लागतो का, आणि फार सैल सोडल्या तर लागतो का. गीतेचा सतरावा अध्याय तर याहून कडक आहे. दंभाने आणि अहंकाराने शरीरातल्या पंचमहाभूतांना पिळणारे लोक त्यांच्यात वसणाऱ्या परमेश्वरालाही पिळतात, आणि त्यांचा निश्चय आसुरी म्हणावा, असा त्याचा आशय आहे. मूढ हट्टाने केलेले तप तामस, सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेले राजस. गळ्यातले पदक आणि मोबाइलवर टाकलेला फोटो यांना कोणत्या रांगेत बसवायचे हे गीतेने आधीच ठरवून ठेवले आहे.

या इशाऱ्याला आजच्या वैद्यकाचाही दुजोरा आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना संशोधकांनी गोळा केल्या. त्या १३५ भरल्या, आणि त्यांतल्या ९० पोहताना घडलेल्या होत्या. हट्टाला शरीर काय उत्तर देते ते यात दिसते. ‘अशक्य काहीच नाही’ ही घोषणा त्यामुळे मला धार्मिक दृष्टीनेही चुकीची वाटते. अशक्य पुष्कळ आहे, आणि ते ओळखता येणे हीच साधनेची सुरुवात आहे.

मग पहिली ट्रायथलॉन करणारा नेमके काय शिकतो? तो पहिल्यांदा शिकतो ते माप. तलावाच्या पाण्याला जलतरण तलावासारखी तळाशी रेघ नसते, धरायला कठडा नसतो, शेजारच्याचा हात तोंडावर बसतो. अशा वेळी जो जोर लावतो त्याचा श्वास तुटतो. जो वेग कमी करून श्वास लांबवतो तो पुढे जातो. सायकलवर पाय ताजे असतात, म्हणून वाटते की आत्ताच वेळ मिळवून घ्यावा. त्या उतावळेपणाची वसुली धावण्याच्या दुसऱ्या टप्प्यात होते, कारण यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमात ओसरू लागतो. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले वाटत नाहीत, म्हणून या खेळातले लोक सायकल आणि धावणे जोडून करण्याचा वेगळा सराव करतात. त्याला ते ब्रिक म्हणतात. पाण्याच्या बाबतीत तर बोध आणखी सूक्ष्म आहे. तहान वाईट, हे सर्वांना ठाऊक असते. पण २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेले होते, आणि त्याचे मोठे कारण होते गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे. भीतीपोटी केलेला अतिरेकसुद्धा अतिरेकच ठरतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले सांगणे आपण आहाराचा उपदेश म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. पाच-सहा तासांच्या सलग श्रमात ते अंगावर येते. मनाला आपण रोज फसवतो. मी रागावलो नाही, मी लोभी नाही, असे त्याच्याकडून वदवून घेतो. थकलेल्या शरीराकडून अशी खोटी कबुली घेता येत नाही. देहाला केवळ मायेचा पसारा समजून दूर ढकलणाऱ्यांनी या एका गुणाचा विचार करायला हवा.

यावर एक आक्षेप लगेच येईल. हे सगळे कौशल्य झाले, शहाणपण झाले, त्यात धर्म कुठे आला? सुतारही लाकडाचे माप ओळखतो. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच कर्तेपणाचा मुद्दा आणावा लागतो. माप शिकता शिकता माणसाच्या लक्षात येते की निकाल पूर्णपणे त्याच्या हातात कधीच नव्हता. वारा, ऊन, पंक्चर, पोटातला गोळा यांतले काहीही त्याने ठरवलेले नसते. पाणी देणारे हात अनोळखी माणसांचे असतात, रस्ता अडवून धरणारा पोलीस त्याच्यासाठी उभा असतो, आणि वर्षभर घर कुणीतरी दुसऱ्याने सांभाळलेले असते. इथेच पहिल्या स्पर्धेला असे एक स्थान आहे जे दुसरीला नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याकडे तुलनेला स्वतःची जुनी वेळ नसते. त्याला फक्त ठरवून दिलेल्या वेळेच्या, म्हणजे कट-ऑफच्या, आत शेवटापर्यंत पोहोचायचे असते, आणि पोहोचू की नाही हे त्याला खरोखर माहीत नसते. दुसऱ्या वेळी घड्याळ मधे येते, मागचा आकडा येतो, ‘माझी’ वेळ येते. पहिल्या खेपेलाही पदकाची ओढ असतेच आणि त्याला निष्काम म्हणता येणार नाही, हे मान्य. पण पदकाची ओढ घेऊन निघालेला माणूस वाटेत कुठेतरी तिला विसरून फक्त पुढच्या पावलापाशी उरतो, हेही अनेकांच्या सांगण्यातून दिसते. ते विसरणे हा कष्टाचा पुरस्कार नाही. ‘मी करतो आहे’ ही पकड काही काळ सुटल्याचे ते लक्षण आहे.

सोलापूरकरांना हे समजायला परदेशी स्पर्धेची गरज नाही. मकरसंक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज पेलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. काठीचा भार कमरेच्या पट्ट्यावर असतो, तोल सांभाळावा लागतो, आणि त्यासाठी आधी काही आठवडे सराव चालतो. शरीराची ही परीक्षा कमी नाही. पण तिथे कुणाची वेळ मोजली जात नाही, भार आळीपाळीने दुसऱ्याच्या कमरेवर जातो, आणि काठी कुणाच्या नावाने उभी नसते. याच जिल्ह्यात संपणाऱ्या आषाढी वारीचेही तसेच. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एकादशी हा तिचा कट-ऑफ, तो कुणासाठी हलत नाही. तरीही वारकरी दुःख भोगायला निघालेला नसतो. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, दिंडीत जेवणाची सोय, पायांना तेल लावणारे हात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी पालखीला जी शिस्त लावली तिच्यात मापाचे हे भान आहे. थकवा वाटेत येतो आणि स्वीकारला जातो. त्याची पूजा होत नाही.

यावर ट्रायथलॉन करणारा विचारील की आमच्यात विठ्ठल नाही म्हणून आमचे कमी का? माझ्या मते देवाचे नाव नसणे हे व्यंग नाही. बुद्धांच्या मार्गातही ते नव्हते. उणीव असलीच तर ती दासोहाची आहे. बसवण्णा आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी कायकाला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, पूजेचा मान दिला, पण त्याला दासोहाची जोड दिली : श्रमाचे फळ आपल्यापाशी थांबू द्यायचे नाही. स्पर्धेतले श्रम धावणाऱ्यापाशीच थांबतात, हा तिच्यावरचा सर्वांत जड आक्षेप मला वाटतो. तो खोडून काढणारे एक उदाहरण याच खेळात आहे. अमेरिकेतले डिक हॉइट यांचा मुलगा रिक जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने जखडलेला होता. १९७७ मध्ये बापाने त्याला खुर्चीत बसवून पहिल्यांदा धावण्याच्या स्पर्धेत नेले, आणि धावताना आपण अपंग आहोत असे वाटत नाही, असे मुलाने संगणकाच्या मदतीने कळवले. पुढे डिक मुलाला छोट्या नावेत बसवून दोरीने ओढत पोहले, सायकलला पुढे आसन बसवून त्याला नेले, खुर्ची ढकलत मॅरेथॉन धावले. १९८९ आणि १९९९ मध्ये हवाईची पूर्ण आयर्नमॅन दोघांनी अशी पार केली. श्रम त्याच स्पर्धेतले, अंतर तेच. पण ते कुणासाठी, हे बदलले आणि त्यांचा अर्थच वेगळा झाला.

अल्लमप्रभूंच्या प्रश्नाकडे या बाजूने पाहिले तर त्यांचा रोख तळ्यावर नव्हता हे दिसते. परंपरेनुसार सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले, तिथल्या शरणांपैकी चन्नबसवण्णांनी त्यांना दीक्षा दिली. तळे बुजवायला कुणी सांगितले नाही. सुटायला हवे होते ते ‘मी तळे बांधले’ एवढेच.

राहिला विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न, आणि तो मी टाळू इच्छित नाही. मर्यादेशी प्रामाणिक गाठ पडायला निवडीची मोकळीक लागते. थांबता येत असूनही न थांबणे, किंवा थांबावे हे ओळखून थांबणे, या दोन्हींत बोध आहे. जी थांबली तर संध्याकाळची चूल पेटणार नाही, तिच्या श्रमाला बाहेरच्या माणसाने तप म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिने स्वतः म्हटले तर गोष्ट वेगळी, शरणांमध्ये असे म्हणणाऱ्या कष्टकरी स्त्रिया होऊन गेल्या. पण शरीराच्या साधनेतून मिळणारे ज्ञान मौल्यवान आहे असे जो मानतो, त्याने ती साधना फक्त पहाटे मोकळा वेळ असलेल्यांची राहणार नाही हेही पाहायला हवे. विडीची मजुरी, यंत्रमागावरच्या पाळीचे तास, गरीब वस्तीतल्या मुलींना शिकता येईल असा पोहण्याचा तलाव, हे विषय त्यामुळे या धर्मचर्चेच्या बाहेरचे नाहीत. पहिली ट्रायथलॉन पुरी करून सोलापूरला परतलेल्या माणसाला अल्लमांचा प्रश्न मनापासून भिडला असेल, तर पुढच्या वर्षाची तयारी ठरवताना त्याने वेळ किती कमी करायची एवढेच न ठरवता, या कामांपैकी कोणते अंगावर घ्यायचे हेही ठरवावे अशी माझी अपेक्षा आहे.