भाडोत्री

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा नांदेडला माझ्याकडे येतो. यंदा तो पटावर खेळायचा एक नवाच खेळ घेऊन आला. पटावर चार राज्ये, प्रत्येकाचे सैन्य, आणि शिवाय कोणत्याच राज्याची नसलेली एक भाडोत्री टोळी. दर फेरीला जो तिला तीन नाणी देईल त्याच्या बाजूने ती लढते. पगार चुकला की समोरच्याकडे जाते. चौथ्या फेरीत माझी नाणी संपली आणि माझीच टोळी माझ्यावर उलटली. "मामा, भाडोत्री लोकांवर कुणी विसंबतं का?" भाचा हसत म्हणाला. मीही हसलो, पण तो शब्द मला लागला. का लागला, ते पुढे सांगतो.

आपल्या बुद्धिबळात भाडोत्री नाही. प्यादे मरते, पण पक्ष बदलत नाही. जपानी लोकांच्या शोगीत मात्र मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या हाती जाते आणि त्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते! कादंबरीकारांनी या माणसासाठी दोनच साचे करून ठेवले आहेत. एक, पैशासाठी काहीही विकणारा खलपुरुष. दुसरा, वरून रोखठोक पण आतून सोन्यासारखा वीर. दोन्ही साचे सोयीचे आहेत, कारण दोहोंत माणसाच्या मनाचा निकाल आधीच लागलेला असतो. खरी माणसे असा निकाल हाती देत नाहीत.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचेच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १७६० रोजी तेथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने तोफा आणि कवायती पायदळ चालविणारा इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. म्हणजे उदगीरला त्याने जुन्या धन्यावर तोफा डागल्या. भाच्याच्या पटावर या माणसाच्या निष्ठेला शून्य गुण पडले असते.

पण पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हाच माणूस पानिपतावर उभा होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या दिवसाची हकिकत लिहून ठेवली आहे. तिच्यात इब्राहिमखान सकाळी भाऊसाहेबांकडे जातो. शिपायांच्या पगारासाठी आपण हट्ट धरीत होतो म्हणून आपला राग होत असे. या महिन्याचा पगार मिळालेला नाही. तरी आजवरचा पगार फुकट खाल्ला नाही हे आज दिसेल, अशा अर्थाचे तो बोलतो. समोरची फौज त्याच्याच धर्माची होती. खजिना रिता होता. तरी तो हलला नाही. त्याच्या बहुतेक पलटणी तेथेच गारद झाल्या. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.

आता दुसरे गारदी पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराची तक्रार पुढे करून ते शनिवारवाड्यात घुसले आणि त्यांनी १८ वर्षांच्या नारायणरावाला ठार केले. शब्द तोच, पगार थकलेला तोच; कृत्य मात्र उलटे. परंतु रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले ते सख्ख्या चुलत्याला, राघोबादादांना. खाडिलकरांनी या प्रसंगावर नाटक लिहिले, तेव्हा त्याचे नाव 'भाऊबंदकी' ठेवले, 'गारदी' नव्हे. रक्ताचे नाते पगारापेक्षा भरवशाचे असते, असे म्हणणाऱ्याने हे नाव आठवावे.

मग दोष कशात? पगार मागण्यात तर नाहीच. इब्राहिमखान पगारासाठी भांडला आणि तरीही लढला.

आता माझी गोष्ट. मी भौतिकशास्त्र शिकवितो. काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका खासगी शिकवणी वर्गात होतो. नांदेडच्या दुसऱ्या वर्गाने जवळजवळ दीडपट पगार देऊ केला आणि ऐन नोव्हेंबरात मी निघालो. करारात एक महिन्याची सूचना होती. ती मी दिली होती. कायद्याने मी चोख होतो. शेवटच्या दिवशी विद्युतधारेचे प्रकरण अर्धे राहिले. खेड्यातून येऊन खोली करून राहिलेला एक मुलगा दारापर्यंत आला आणि त्याने एवढेच विचारले, "सर, राहिलेलं कोण घेणार?" मी म्हणालो, "येतील कोणीतरी." कोण येणार हे मला ठाऊक नव्हते, आणि मी चौकशीही केली नव्हती.

जास्त पगार घेतला याची मला आजही खंत नाही. घर चालवायचे होते. परंतु माझा करार वर्गाच्या मालकाशी होता, मुलांशी कागद झालाच नव्हता, म्हणून तिकडचे देणे मी हिशेबात धरले नाही. पानिपतावर इब्राहिमखानाचा करार दुसऱ्या बाजूने मोडलेला होता. जायला त्याला पुरेसे कारण होते. जे कागदावर नव्हते ते त्याने चुकते केले. पगार घेणारा आणि विकला गेलेला यांच्यातला फरक मला येथे दिसतो. मार्चपर्यंत थांबलो असतो तर माझे चार महिन्यांचे जादा पैसे बुडाले असते, एवढेच.

हे मी भाच्याला सांगितले. तो थोडा वेळ पटाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "पण मामा, हा नियम खेळात घालायचा कसा? पगार संपल्यावर ती टोळी राहील की जाईल, ते आधी कळणार कसं?"

"कळत नाही," मी म्हणालो, आणि आम्ही सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.